हरलेल्या सामन्याचे गुण

चाकणच्या ज्या कंपनीत मी नोकरी करते तिथे गिअर तयार होतात आणि माझा विभाग त्यांतले सदोष वेगळे काढतो. भाग हातात घ्यायचा, मोजायचा, पास नाहीतर रिजेक्ट. हे काम इतकी वर्षं केलंय की कशातलीही खोट मला चटकन दिसते आणि दिसली की बोलल्याशिवाय राहवत नाही. घरचे या सवयीला वैतागलेले असतात.

कॉलेजात मी बास्केटबॉल खेळायचे. विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचले, राज्याच्या शिबिरात गुडघा दुखावला आणि खेळ तिथेच थांबला. पुढे नोकरी, लग्न, मुलगी. मग आपल्याकडे व्यावसायिक लीग सुरू झाली, आमच्या शहराचा संघ झाला, खेळाडूंना वर्षावर्षाचे करार मिळू लागले, आणि मी प्रत्येक सामन्याला जाऊन बसू लागले. मराठीत या खेळाबद्दल कुणी धड बोलत नव्हतं. मुलगी म्हणाली, तू घरात एवढं बोलतेस तर मोबाइलसमोर बोल. तसं ते सुरू झालं. सामना झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत खुर्ची टाकायची आणि एकेका खेळाडूबद्दल सांगायचं. काय जमलं, काय चुकलं, शेवटी दहापैकी गुण. लोकांना ते गुणच आवडायचे. संघ हरला की जास्तच.

मी पुनावळ्याच्या नव्या इमारतींपैकी एकीत राहते. आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर जुन्या गावठाणातले. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे असतील. मी त्यांना दादा म्हणायचे, ते मला ताई. त्यांच्या केबिनच्या मागची खिडकीची जागा माझी ठरलेली होती आणि हायवेला लागेपर्यंत आमच्या गप्पा चालायच्या. एकदा ते म्हणाले, पोरगं आठवीत हाय पण दाराला डोकं लागतंय, अभ्यासात तर काही लक्ष न्हाई, काय करावं कळत न्हाई. मी म्हणाले, सांगवीच्या मैदानावर बास्केटबॉल शिकवतात, तिथे पाठवून बघा. माझ्या ओळखीच्या कोचशी बोलले, माझ्याकडचा एक जुना बॉलही त्यांच्या हाती पाठवला.

माझं काम तेवढंच. पुढचं त्या मुलानं केलं. शाळेचा संघ, जिल्हा, राज्य, आणि कॉलेज संपता संपता शहराच्या व्यावसायिक संघात राखीव गार्ड म्हणून करार. गार्ड म्हणजे बॉल पुढे घेऊन जाणारा, कुणाला कधी पास द्यायचा ते ठरवणारा. करार झाला त्या दिवशी दादांनी बसमध्ये सगळ्यांना चहा पाजला. पण हा खेळ त्यांना कधीच नीट कळला नाही. कबड्डी आणि बैलगाडा शर्यत यांच्यात वाढलेला माणूस. पोरगं खेळलं की सोमवारी ते आरशातून माझ्याकडे बघत विचारायचे, "ताई, कसा खेळला?" आणि मी सांगायचे. माझे व्हिडिओही ते बघायचे. मुलगा घरी येऊन काही बोलत नाही, तुमच्यामुळं आमाला समजतंय तरी, असं म्हणायचे.

त्या हंगामात पहिला गार्ड जखमी झाला आणि दादांच्या मुलाला सुरुवातीपासून खेळायला मिळू लागलं. तो बरा खेळत होता. मी तसं म्हणतही होते. एका व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं की बाईंचं आपल्या गावच्या पोरावर भारी प्रेम आहे, बाकीच्यांना एक माप आणि याला दुसरं. त्याला पुष्कळ जणांनी दुजोरा दिला. मला ते लागलं. माझ्या विभागात मी कुणाचा भाग पास करताना ऑपरेटर कोण हे बघत नाही, अशी माझी ख्याती होती. त्यानंतर त्या मुलाचा खेळ मी जरा जास्तच डोळे रोखून बघू लागले. तेव्हा मला हे कळत नव्हतं. किंवा कळत होतं आणि मी त्याला निःपक्षपणा म्हणत होते.

मग तो शनिवारचा सामना झाला. घरच्या मैदानावर, स्टेडियम बऱ्यापैकी भरलेलं. आम्ही एका गुणानं मागे, शेवटचे काही सेकंद उरलेले आणि बॉल त्या मुलाच्या हातात. त्याला अडवणारा खेळाडू घसरून पडला. समोर मोकळी वाट. त्यानं दोन पावलं टाकली असती तर बास्केट त्याच्या हाताशी होती. पण तो थांबला आणि त्यानं कोपऱ्यातल्या सहकाऱ्याकडे पास फेकला. त्या बिचाऱ्याला पास येईल असं वाटलंच नव्हतं. बॉल त्याच्या बोटांना लागून बाहेर गेला आणि भोंगा वाजला. मी दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते. दादा खालच्या रांगेत होते, ते आजूबाजूच्यांना विचारत होते की काय झालं.

रविवारी सकाळी मी गॅलरीत बसले. त्या दिवशी संघातल्या जवळपास सगळ्यांनीच चुका केल्या होत्या. कप्तानानं सोपे फ्री थ्रो घालवले होते. मी म्हणाले, पाय थकले की मनगट ढिलं पडतं, त्याला मध्ये विश्रांती मिळायला हवी होती. सहा गुण. उंच सेंटर रिबाउंडला, म्हणजे कड्यावरून उसळलेल्या बॉलला, उडी मारत नव्हता. मी म्हणाले, प्रतिस्पर्धी दोघं मिळून त्याला दाबत होते, मदत कुणी केली नाही. पाच गुण. कोपऱ्यात बॉल सुटलेल्या मुलालाही मी सांभाळून घेतलं. सगळ्यांच्या चुकीला काहीतरी कारण शोधलं. मग दादांच्या मुलाची पाळी आली आणि मी म्हणाले, "हा मुलगा भित्रा आहे. बॉल हातात आला की तापलेला तवा पकडल्यासारखा सोडून देतो." तीन गुण.

पहिल्यांदा बोलताना माझी जीभ अडखळली. तव्याच्या ऐवजी भलताच शब्द तोंडातून आला. मी मोबाइल थांबवला. तिथेच ते वाक्य गाळता आलं असतं. पण मला ते आवडलं होतं. मी पाणी प्यायले, घसा साफ केला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले, यावेळी तव्याच्या आधी किंचित थांबून, म्हणजे लोक हसतील. अजूनही ते आठवलं की मला माझाच तो चेहरा दिसतो, मोबाइलच्या पडद्यात स्वतःकडे बघणारा, खूश.

सोमवारी बस आली. दादांनी दार उघडलं आणि "या मॅडम" म्हणाले. ताई नाही. मी माझ्या जागेवर बसले. त्यांनी आरशात बघितलं नाही. पुढच्या थांब्यावर आमच्या डिझाइन विभागातली पोरं चढली. नवीन लागलेली, आयटीआय आणि डिप्लोमावाली, हसरी पोरं. ती मागे बसली आणि त्यांच्यातल्या एकानं माझा व्हिडिओ लावला. आवाज मोठा. मी आधी ऐकलंच नाही असं दाखवलं. मग माझाच आवाज बसमध्ये घुमला, तो छोटा थांबा, आणि मग तवा. मागची सगळी बाकं हसली. एकजण ओरडला, "मॅडम, एक नंबर राव, काय बोललात." दुसऱ्यानं ते पुन्हा लावलं.

त्यांना बिचाऱ्यांना माहीत नव्हतं की बस कोण चालवतोय. मला माहीत होतं. मी मागे वळून एवढंच म्हणायला हवं होतं की बंद करा ते. पण मग कारण सांगावं लागलं असतं, आणि दादांच्या देखत ते कारण सांगणं मला जास्त भयंकर वाटलं. म्हणून मी किंचित हसले आणि मान खाली घातली. दादांचे हात स्टिअरिंगवर होते. त्यांनी गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली. तळवड्याच्या फाट्यापर्यंत तो व्हिडिओ तीनदा तरी वाजला असेल.

कंपनीच्या गेटवर सगळे उतरले. मी मुद्दाम शेवटी राहिले. काय बोलणार होते ते ठरलं नव्हतं. त्याआधी दादाच म्हणाले, "मॅडम, एक विचारू का?"

"विचारा ना."

"तो खरंच भितो का?"

त्यांना राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. डॉक्टरला विचारावं तसं विचारत होते. मी म्हणाले की नाही हो, तसं नाही, एक चूक झाली, मी जरा जास्त बोलले. ते ऐकत होते. मग म्हणाले, "न्हाई, तुमी तसं उगाच बोलणार न्हाई. तुमाला दिसलं असंल." मी उतरले आणि पार्किंगकडे गाडी वळवायची म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

त्या दिवशी दुपारीच मी व्हिडिओ काढून टाकला. त्यानं काही झालं नाही. तेवढा तुकडा कुणीतरी आधीच कापून घेतला होता आणि तो कुठल्याकुठे फिरत होता. पुढच्या सामन्याला त्या मुलानं बॉल हातात घेतला आणि स्टेडियमच्या वरच्या रांगेतून पोरं ओरडली, "तवा, तवा." आपल्याच संघाला पाठिंबा द्यायला आलेली पोरं. त्याच्या हातून पहिलाच पास चुकला. पुढचाही. कोचनं त्याला बाहेर बसवलं. मी खाली दादांना शोधलं. ते आले नव्हते.

घरी येऊन मी हरलेल्या सामन्याचं रेकॉर्डिंग परत बघितलं. मनात कुठेतरी आशा होती की मी चुकले असेन, कोचनं हाक मारली असेल, सहकाऱ्यानं हात वर केला असेल, काहीतरी निघेल आणि मला ते जाहीर सांगता येईल. तसं काही निघालं नाही. वाट मोकळी होती आणि तो कचरला होता. माझं बघणं बरोबर होतं. त्यामुळे माझी सुटकाच नव्हती, कारण चुकीचं सांगितलं असतं तर दुरुस्त करता आलं असतं.

त्या मुलाशी काय बोलायचं ते आठवडाभर मी स्वतःशी घोकत होते. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सांगवीच्या मैदानावर गेले. तो सकाळी एकटाच सरावाला येतो हे मला माहीत होतं. नदीकडून गार वारा येत होता, कोर्टच्या एका टोकाला तो बास्केटखालून त्याच दोन पावलांचा सराव करत होता. पुन्हा पुन्हा तेच. मला बघितल्यावर बॉल बगलेत धरून आला आणि नमस्कार केला. मी बाकावर बसले, तो उभाच राहिला.

मी तयार करून आणलेलं सगळं सांगितलं. की मी फार वाईट शब्द वापरले, की ते हसू आणण्यासाठी होते, की लोक मला तुझी बाजू घेणारी म्हणत होते आणि मला ते खोडून काढायचं होतं. मी म्हणाले की उद्याच नवीन व्हिडिओ करून सगळ्यांसमोर माफी मागते.

त्यानं बॉल हातात फिरवला. मग म्हणाला, "ताई, मी घाबरलो होतो हे खरं आहे. कोचनेही तेच सांगितलं. पण ते मला बाजूला घेऊन म्हणाले, पुढच्या वेळी दोन पावलं टाक. बाकीच्यांचं तुम्ही पण तसंच सांगितलंत. याचं मनगट, त्याचे पाय. माझं सांगताना खेळाचं काहीच नव्हतं. नुसता मी होतो."

त्यानं बॉल एकदा जमिनीवर आपटून परत हातात घेतला.

"आणि माफीचा व्हिडिओ नका करू, प्लीज. केलात की ते परत वर येईल. लोक विसरतील. तुम्ही काहीच बोलू नका."

मी विचारलं, घरी काय म्हणतात. तो म्हणाला की बाबांनी तुमच्याच कंपनीत ट्रेनीच्या जागेचं विचारून ठेवलंय, हंगाम संपला की लागायचं म्हणतात. ते सांगताना तो हसला, पण माझ्याकडे बघून नाही. मग परत कोर्टवर गेला. मी थोडा वेळ बसून राहिले आणि रिक्षा करून चाकणला कामावर गेले.

त्यानं सांगितलं तसं मी केलं. माफी मागितली नाही. दादांना मात्र हे कळायला मार्ग नव्हता, असं मी धरून चालले. त्यांच्या दृष्टीनं मी बोलले ते बोलले आणि नंतर त्याचं काही वाटून घेतलं नाही. मला कितीदा वाटलं की त्यांना सांगावं, मी मुलाला भेटले होते, त्यानंच मला गप्प बसायला सांगितलंय. पण बापाला न विचारता मुलाला गाठलं, हेही त्यांना आवडलं नसतं कदाचित. मी जागा बदलली नाही. रोज त्यांच्या मागेच बसत होते. बदलली असती तर ते पळून जाणं झालं असतं, असं मला वाटायचं. आता वाटतं, त्यांना रोज माझं तोंड बघावं लागत होतं, त्याचा विचार मी केलाच नाही.

पुढचे व्हिडिओ मी केले. गुण देणं बंद केलं. त्याच्याबद्दल बोलायचंच नाही असं ठरवलं, तर खाली लगेच प्रश्न, तव्याचं काय झालं, बाई घाबरल्या का. मी गप्प राहिले की तेही त्याच्याच अंगावर येत होतं. मग एका सामन्यानंतर मी त्याचं नाव घेतलं आणि फक्त त्यानं काय केलं तेवढं सांगितलं. डावीकडून तीनदा आत शिरला, एकदा अडवला गेला, दोनदा गुण मिळाले. डिफेन्समध्ये पाय हलके होते. बस. तो व्हिडिओ फार कुणी बघितला नाही. बसमधल्या पोरांपैकी एकानं मला म्हटलं की मॅडम, आता पहिल्यासारखी मजा नाही राव. मी म्हणाले, नसेल. हंगामाच्या शेवटी मी व्हिडिओ करणं थांबवलं. मुलगी विचारते अधूनमधून. तिला मी गुडघ्याचं कारण सांगते, म्हणजे स्टेडियमच्या पायऱ्यांचं.

संघानं त्याचा करार पुढे चालू ठेवला नाही. हे मला पेपरच्या स्थानिक पानावरच्या एका ओळीतून कळलं. ते तव्यामुळे की त्याच्या खेळामुळे, हे मी सांगू शकत नाही. पहिला गार्ड बरा होऊन परत आला होता, तेही कारण असेल. मी ही सगळी कारणं स्वतःला सांगून पाहिली आहेत.

ट्रेनीच्या जागेवर तो काही आला नाही. पावसाळाभर मी कॅन्टीनमध्ये नव्या पोरांचे चेहरे बघत होते. दादांना विचारायची हिंमत झाली नाही. आमच्यात आता "या मॅडम" आणि "येते दादा" एवढंच उरलं होतं.

खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात मशीन आणि गाड्यांची पूजा असते. त्या सकाळी बसला झेंडूच्या माळा होत्या, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि दादा दारात पेढ्यांचा खोका घेऊन उभे. प्रत्येकाला एक. मलाही त्यांनी दिला. मी विचारलं, पूजेचे का? ते म्हणाले, "पूजेचे बी, आन पोराला दक्षिणेकडच्या एका संघानं घेतलं, त्याचे बी." मी अभिनंदन म्हणाले. डोळे भरून येतील असं वाटलं म्हणून आत जाऊन बसले.

त्या दिवशी पूजेमुळे कंपनी अर्धाच दिवस होती. परत येताना बस पुनावळ्यापर्यंत रिकामी होत गेली आणि शेवटी मी एकटीच उरले. माझ्या थांब्यावर त्यांनी गाडी उभी केली. मी उठले, आणि इतके दिवस जे गिळलं होतं ते तोंडातून निघालं. मी म्हणाले, दादा, मी त्या वेळी जे बोलले त्याची मला फार लाज वाटते. तुमच्या मुलाला भेटून मी माफी मागितली होती. तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

त्यांनी इंजिन बंद केलं. माळेतलं एक फूल डॅशबोर्डवर पडलं होतं ते उचलून हातात धरलं.

"भेटला होतात ते सांगितलं त्यानं," ते म्हणाले. "तवाच सांगितलं."

त्यांनी फूल परत डॅशबोर्डवर ठेवलं.

"तुमी त्याला एकदाच भित्रा म्हणला, मॅडम. मी रोज म्हणत होतो. जेवायला बसला की म्हणायचो, अरं त्या मॅडमला दिसतंय, शाळेपासनं तुला वळखत्यात, त्या काय खोटं बोलतील व्हय. दोन म्हैनं म्हणत होतो. मग तो घरी जेवायलाच यायचा बंद झाला." ते थांबले. "आता तिकडनं फोन करतो. आईला करतो."

मी काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. की चूक तुमची नाही, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. तेच तर सगळ्यात वाईट होतं आणि तेच मला म्हणता येईना. मागून एका टेम्पोनं हॉर्न दिला. दादांनी हातानं त्याला पुढे जा अशी खूण केली.

"त्याचे सामने मोबाइलवर दिसतात," शेवटी मी म्हणाले. "मी बघते सगळे."

"मला लावता येत न्हाई."

"मी दाखवते कसं लावायचं. त्यात काही अवघड नाही."

त्यांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. मी पहिल्या सीटवर बसून ते सगळं जोडून दिलं, कुठे दाबायचं ते दाखवलं, त्यांच्याकडून दोनदा करून घेतलं. पडद्यावर मागच्या आठवड्यातल्या सामन्याचं रेकॉर्डिंग सुरू झालं. त्यांनी मुलाला लगेच ओळखलं, नव्या रंगाच्या जर्सीतसुद्धा. त्यानं बॉल घेतला, एकाला चुकवलं, आत शिरला आणि बास्केटवर टाकला. बॉल कड्यावर आपटून बाहेर आला. दादांनी श्वास सोडला, पण कसा खेळला ते मला विचारलं नाही. स्क्रीन डोळ्यांजवळ धरून ते बघत राहिले.

मी खाली उतरले आणि दार बाहेरून हळूच लोटून घेतलं.